हुपरीकरांच्या घरचं वळण

आजरा,
११ नोव्हेंबर १९७३

चि. नंदिनीस,
लीलाताईचे आशीर्वाद.

दिवाळीत आली नाहीस, आणि वर पत्रात लिहिलंस की पेपर तपासायचे होते. दिवाळीत पेपर कोण तपासतं? तुझ्या भाऊजींनी नाही तपासले, आणि ते तर हेडमास्तर आहेत. मामेबहीण आहेस म्हणून सोडते. ते भांडण पुढच्या भेटीत करू, कारण आज तुझ्याकडे काम आहे.

आमच्या अंबूला तुझ्याच कोल्हापुरातलं स्थळ सांगून आलंय. दत्तोपंत हुपरीकर म्हणून निवृत्त मामलेदार आहेत, शेवटची काही वर्षं पन्हाळ्याला होते. शिवाजी पेठेतच, तुझ्या घरापासून पलीकडच्या टोकाला त्यांचं स्वतःचं घर आहे. धाकटा मुलगा श्रीनिवास बँकेत अधिकारी आहे, त्याच्यासाठी विचारलंय. थोरला बेळगावला नोकरीला असतो, शनिवारी येतो, त्याची बायको तिथे सासू-सासऱ्यांजवळ. पत्रिका जुळली, पगार कळला, घराचे फोटोसुद्धा आले. घरातलं वळण कसं आहे ते मात्र फोटोत दिसत नाही. ते तू बघून ये.

अंबू कशी आहे हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात शाळेचे इन्स्पेक्टर जेवायला होते. त्यांनी त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली, तर ही वाढता वाढता म्हणते, "काका, मागच्या वेळी तुम्ही ही गोष्ट तुमच्या मित्राची म्हणून सांगितली होती." हे पानावरच खोकत बसले. मुलगी खोटं बोलत नाही, पण कुठे गप्प बसायचं तेही तिला कळत नाही. अशा मुलीला कुठलंही घर चालणार नाही. माणसं समंजस हवीत. बावीस वर्षांची झाली. तीन ठिकाणी नकार आला, तो या तोंडामुळेच, असं मला वाटतं.

तू शिकलेली, प्राध्यापक, चार घरांत जातेस. तुझा शब्द आला की आम्ही पुढे जाऊ. भाऊजींनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की नंदिनी हो म्हणाली तर हो.

तुझी
लीलाताई


कोल्हापूर,
२६ नोव्हेंबर १९७३

ती. लीलाताईस,
नंदिनीचा नमस्कार.

काल संध्याकाळी हुपरीकरांकडे जाऊन आले. पन्हाळ्याच्या जुन्या दप्तरांबद्दल विचारायचं निमित्त काढलं. इतिहास शिकवण्याचा हा एक उपयोग.

पाहिलं ते क्रमाने लिहिते. मी ओसरीवर चढले तेव्हा दत्तोपंत वाचत होते. ते उठले, आणि मी बसेपर्यंत उभेच राहिले. सत्तरीचे गृहस्थ आहेत. पंखा माझ्याकडे वळवला. माझ्या वडिलांचं नाव विचारलं आणि त्यांची एक जुनी ओळख सांगितली, ती खरी होती. मी विचारलेल्यातलं जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. श्रीनिवास बाहेरून आला, वाकून नमस्कार केला, दोन वाक्यं बोलला आणि मोठी माणसं बोलत आहेत हे पाहून आत गेला. दत्तोपंतांच्या पत्नीला सगळे माईसाहेब म्हणतात. त्या हळू आवाजात बोलतात. त्यांच्याकडे पिराजी नावाचा पन्हाळ्यापासूनचा जुना गडी आहे. माईसाहेबांना काही हवं असलं की त्या पिराजीला सांगतात आणि तो आत जाऊन निरोप देतो. दोन तासांत त्या घरात एकदाही कोणी हाक मारली नाही. आमच्या गल्लीत दूधवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून हाक जाते, त्या मानाने मला ते फार सुखाचं वाटलं. थोरली सून सुमित्रा चहा देऊन गेली. मितभाषी दिसली. निघताना दत्तोपंत फाटकापर्यंत पोचवायला आले.

घर चांगलं आहे, असं माझं मत झालं. ते बनवताना मला मिळालेल्या मानाचा त्यात किती भाग होता, हे मी रात्री रोजनिशीत लिहून पाहिलं. काही भाग होता. पण तो वजा करूनही मत चांगलंच राहतं.

आणखी एक चौकशी केली, ती फुकट गेली. रोशनबी म्हणून एक कासारीण आमच्या पेठेत घरोघर बांगड्या भरते. तीस वर्षं तिचा हाच धंदा आहे. प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या हातातून गेलेला. मी बांगड्या भरून घेताना सहज विचारावं तसं विचारलं की हुपरीकरांकडची माणसं कशी आहेत. कोणासाठी विचारते ते सांगितलं नाही. अशा गोष्टी बाहेर फुटू नयेत. ती म्हणाली, "त्या घरचं मला काय इचारू नगासा, बाई. ज्या हातात बांगड्या भरायच्या त्या घरचं बाहेर बोलायचं न्हाई, ही माझी रीत हाय." मी म्हटलं, वाईट काही विचारत नाही. तर म्हणाली, "चांगलंबी इचारू नगा." आणि लगेच आकाराम शिंप्याच्या घरचं सांगायला लागली, की सासू सुनेच्या हातात आधी भरायला लावते आणि मग स्वतःच्या, आणि दोघी एकमेकींच्या नावानं कशा ओरडतात. मला काही त्यात रस नव्हता. बाईचं बोलणं तुटक आहे, थोडं उर्मट म्हणावं असं. तिच्याकडून काही कळलं नाही.

माझं मत होकाराचं आहे. अंबूच्या स्पष्टपणाचं म्हणशील तर अशा शांत घरात तोही निवळेल.

तुझी
नंदिनी


आजरा,
२३ डिसेंबर १९७३

चि. नंदिनीस,
लीलाताईचे आशीर्वाद.

तुझी परीक्षा आडवी आली आणि तू साखरपुड्याला नव्हतीस, याचं वाईट वाटलं. पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून घाई केली. अठराला झाला. पंधरा माणसं आली होती, पण पंगतीत आवाज नाही. दत्तोपंतांनी आमच्या आचाऱ्याला बोलावून भाताचं कौतुक केलं. आचारी नंतर हातात झारा घेऊन तसाच उभा. भाऊजी अजून म्हणतात की असा माणूस मामलेदार होता म्हणून सरकार चाललं.

अंबूनं एक प्रताप केलाच, तो तुला सांगते, हसू नकोस. थोरली सून सुमित्रा सगळ्या बायकांत बसली होती, तोंडातून चकार शब्द नाही. मी विचारलं, चहात साखर किती घालू, तर माईसाहेबच म्हणाल्या, "तिला चालतं." आत खोलीत गेल्यावर अंबूनं तिला सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही बोलत का नाही?" ती म्हणाली, "कुणी विचारलं तर बोलते." झालं एवढंच. मी अंबूला डोळ्यांनी दटावलं. रात्री अंबू मला म्हणाली, आई, दिवसभरात त्यांच्या माणसांपैकी एकानेही तिला काही विचारलं नाही, मी बघत होते. मी म्हटलं, लोकांच्या घरी बघत बसायची तुझी सवय गेली पाहिजे.

लग्न वैशाखात, कोल्हापूरलाच करू म्हणतात. गावभर झालंय. पोस्टमनसुद्धा अंबूला आता "अहो" म्हणायला लागलाय, कारण मामलेदारांच्या घरची होणार. इतकी वर्षं हेडमास्तरांची मुलगी होती तेव्हा "ए अंबे" होतं. मला त्याचं हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

हे सगळं तुझ्यामुळे जुळलं. चुड्यासाठी तुमच्याकडची ती कासारीण बोलवायची का? उर्मट असली तरी हात हलका असेल तर चालेल.

तुझी
लीलाताई


कोल्हापूर,
१५ जानेवारी १९७४

ती. लीलाताईस,
नंदिनीचा नमस्कार.

हे पत्र मी दहा दिवस उशिरा लिहिते आहे. उशीर का केला ते शेवटी लिहीन.

तीन तारखेला रोशनबी संक्रांतीच्या बांगड्या भरायला आली. मी आनंदाने सांगितलं की वैशाखात माझ्या भाचीचं लग्न आहे, चुडा तूच भर. कोणाच्या घरी देताय, असं तिनं विचारलं. मी हुपरीकरांचं नाव सांगितलं. माझ्या हातात तीन बांगड्या चढल्या होत्या, चौथी तिच्या बोटांत होती. ती तिनं परत माळेत घातली.

"त्या दिशी तुम्ही लेकीसाठी इचारताय हे का न्हाई सांगितलासा?"

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू बोलली असतीस का?

"बोलले नसते. पर अशी गपबी बसले नसते. बाई, चांगलं असतं तर मी तुम्ही न इचारता सांगितलं असतं की. आकारामच्या घरचं सांगितलं न्हवं? त्याला कुणी इचारलं हुतं?"

त्याहून अधिक ती काही बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, की एकदा दुपारचं जावा, न कळवता.

मी शनिवारी, पाच तारखेला दुपारी गेले. दत्तोपंत झोपले होते. माजघरात माईसाहेब वाती वळत होत्या. सुमित्रा त्यांच्यापासून चार हातांवर तांदूळ निवडत होती. पिराजी दाराशी. मला बसायला दिलं, विचारपूस झाली, सगळं पूर्वीसारखंच गोड. मग माईसाहेब म्हणाल्या, "पिराजी, विचार, दूध तापवलं का." पिराजी सुमित्राकडे वळला. "वैनीसाहेब, दूध तापवलं का?" ती "हो" म्हणाली. तो माईसाहेबांकडे वळला. "व्हय म्हणत्यात." तेव्हा माईसाहेबांना ते ऐकू आलं. अर्ध्या तासात असं चार वेळा झालं. आवाज कोणाचाही चढला नाही. पहिल्या भेटीत याच निरोपांना मी घरची शिस्त समजले होते. तेव्हा सुमित्रा भिंतीपलीकडे होती, एवढाच फरक.

माझी चष्म्याची डबी राहिली, ती द्यायला सुमित्रा फाटकापर्यंत आली. मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. हुपरीकरांच्या मागल्या अंगणात विहीर आहे. गल्लीतल्या लोकांनी तिथलं पाणी न्यायचं, अशी आधीपासूनची वहिवाट. दोन वर्षांपूर्वी दत्तोपंतांनी तिला कुलूप घातलं. गेल्या मे महिन्यात एक मोठे अधिकारी चहाला आले होते. पाणीटंचाईचं बोलणं निघालं, आणि दत्तोपंत त्यांना म्हणाले की आमची विहीर सगळ्या गल्लीला मोकळी असते. सुमित्रा कपबश्या ठेवत होती. ती म्हणाली, "मामंजी, तिला कुलूप आहे ना?"

त्या दिवसापासून आठ महिने घरात तिच्याशी कोणी बोललेलं नाही. रागावलं नाही, मारलं नाही, जेवायला कमी केलं नाही. श्रीनिवासही बोलत नाही. मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "ते शनिवारी येतात. माझ्याशी बोलतात. खोलीत."

लीलाताई, हे ऐकल्यावर मला अंबू आणि तो इन्स्पेक्टर आठवला. सुमित्रानं जे एकदा केलं ते अंबू आठवड्यातून दोनदा करते.

आता उशिराचं कारण. पहिल्या दिवशी मला वाटलं, खात्री करून मग लिहावं. पण खात्री झालेलीच होती. मग वाटलं, सुमित्राचा काही दोष असेल. तो मी चार दिवस शोधला. खरं कारण हे की मी लेखी मत दिलं होतं आणि ते चुकलं हे मला लिहायचं नव्हतं. त्या घरानं मला जो मान दिला तो प्राध्यापक बाईंना दिलेला होता. त्यावरून मी घराची परीक्षा केली. ज्यांना मान देणं भाग नाही त्यांच्याशी ते कसे वागतात, हे पाहायला मी गेलेच नव्हते. रोशनबीनं गप्प राहून मला उत्तर दिलं होतं. ते मला कळलं नाही, कारण ती मला काही सांगू शकेल असं मी धरलंच नव्हतं. मी तिला फक्त विचारत होते, ऐकत नव्हते.

माझा होकार मी मागे घेते.

तुझी
नंदिनी


आजरा,
१९ जानेवारी १९७४

चि. नंदिनीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साखरपुडा झाला, तिथी धरली, अंबूला त्यांच्याकडची साडी नेसवली, आणि आता तू होकार मागे घेतेस. होकार म्हणजे वाचनालयातलं पुस्तक आहे का?

एका बांगडीवालीच्या सांगण्यावरून तू दुपारची लोकांच्या माजघरात जाऊन बसलीस. तुझी तुला लाज वाटली नाही, मला वाचताना वाटली. अबोला कुठल्या घरात नसतो? तुझे भाऊजी आणि त्यांचा भाऊ शेतावरून सहा वर्षं बोलत नव्हते, आणि ते काही वाईट लोक नाहीत. त्या सुनेनं पाहुण्यांसमोर सासऱ्याला खोटं पाडलं. मी असते तर मीही चार दिवस बोलले नसते. आठ महिने जास्त होतात, हे मान्य. पण हात तर कोणी उचलला नाही ना?

चौथ्यांदा मोडलं तर लोक काय म्हणतील ते तू कोल्हापुरात बसून ऐकणार नाहीस. इथे मी ऐकणार.

अंबूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तूही तिला लिहायचं नाहीस. तेवढं वचन दे.

लीलाताई


कोल्हापूर,
२३ जानेवारी १९७४

ती. लीलाताईस,
नमस्कार.

अंबूला मी आपण होऊन लिहिणार नाही. ती तुझी मुलगी आहे. पण तिनं मला विचारलं तर जे पाहिलं ते सांगेन. यापेक्षा कमी वचन देता येत नाही, आणि जास्त दिलं तर ते मी पाळणार नाही.

तू रागावलीस ते योग्यच आहे. मी जे काम आधी करायला हवं होतं ते नंतर केलं, आणि त्याचा त्रास तुम्हाला.

नंदिनी


आजरा,
१४ फेब्रुवारी १९७४

चि. नंदिनीस,
लीलाताईचे आशीर्वाद.

तुझं वचन कामाला आलं नाही. मी तुझं पत्र पंचांगात ठेवलं होतं आणि अंबूनं पंचांग उघडलं. मला काही बोलली नाही. तीन तारखेला रविवारी श्रीनिवास आला, बरोबर त्याचा एक मित्र. चहा झाला, मित्राला घेऊन हे शाळा दाखवायला गेले. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं. अंबूनं त्याला विचारलं, "वहिनींशी घरात कोणी बोलत नाही, हे खरं का?"

त्यानं कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अंबू म्हणाली, मी खरं का ते विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, अगदी हळू, अगदी सभ्यपणे, की हे कोणी सांगितलं ते आधी कळायला हवं. अंबू म्हणाली, "मग मला नाही करायचं." मी बाहेर आले, तोवर तो उठून उभा राहिला होता. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, चहा छान होता.

नंदिनी, मी तिला मारायला हात उचलला होता, पण त्याचं ते "चहा छान होता" ऐकलं आणि हात खाली आला. का ते मला सांगता येणार नाही. तो चिडला असता, ओरडला असता, वहिनीच वाईट आहे असं म्हणाला असता, तरी मी अंबूला समजावलं असतं.

काल दत्तोपंतांचं पत्र आलं. इतकं सुंदर पत्र आमच्या घरी कधी आलं नव्हतं. कुणाला दोष नाही. आपल्या कन्येस तिच्या स्वभावास अनुरूप स्थळ मिळो, ही जगदंबेचरणी प्रार्थना. भाऊजींनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि मग म्हणाले, यात एका ओळीत आपल्याला काढून टाकलंय, आणि आभार मानावेसे वाटतात.

अंबू ठीक आहे. गाव ठीक नाही. पोस्टमन परत "ए अंबे" वर आला. ती म्हणते, बरं झालं, मला ओळखू येत नव्हतं तो कोणाला हाक मारतो ते.

मी रागावून लिहिलं होतं ते मनात ठेवू नकोस. ठेवलं असशील तर दिवाळीचं आणि हे मिळून एकदाच भांडू.

तुझी
लीलाताई


कोल्हापूर,
३ मार्च १९७४

ती. लीलाताईस,
नंदिनीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून अंबूचा प्रश्न सुटला असं मला वाटलं. तो सुटला, पण त्याचं उरलेलं इथे पडलं, ते तुला कळवायला हवं.

पंधरा दिवसांपूर्वी कळलं की हुपरीकरांनी रोशनबीला घरात यायला मना केलं. कारण दिलं नाही. त्यांच्या आतल्या खोलीत जाणारी बाहेरची बाई तीच, तेव्हा बातमी तिनंच नेली, असं त्यांनी धरलं. त्यांच्या मागोमाग त्याच गल्लीतल्या आणखी चार घरांनी तिला बोलावणं बंद केलं. लग्नसराई तोंडावर आलेली. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती अंगणात माळा उकलून रंग वेगळे करत होती. म्हणाली, "मी काय सांगितलं न्हवतं, बाई. तुम्ही बघितलासा, तुम्ही लिवलासा. मग दारं माझी का बंद?" रागावून म्हणाली नाही. तिला खरंच कारण हवं होतं. माझ्याजवळ होतं, पण ते तिच्या तोंडावर म्हणता येईना. प्राध्यापक बाईंवर कोणी संशय घेत नाही, म्हणून.

गेल्या रविवारी मी हुपरीकरांकडे गेले. दत्तोपंत उठले, मी बसेपर्यंत उभे राहिले. माईसाहेबही होत्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीला मी कळवलं, आणि जे कळवलं ते स्वतः पाहून कळवलं. रोशनबीचा त्यात संबंध नाही. ते म्हणाले, आपण पाहिलंत यात शंका नाही. फक्त एक कुतूहल आहे. पहिल्यांदा आलात तेव्हा आपलं मत चांगलं झालं होतं, मग त्या दुपारी अचानक कोणाच्या सांगण्यावरून आलात? मी म्हटलं, कोणाच्याही नाही. हे खोटं होतं. ते हसले आणि म्हणाले की त्याच्या दोन दिवस आधी रोशनबी आपल्याकडे बांगड्या भरायला आली होती, असं ऐकतो.

एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं सुचत नव्हतं, आणि खरं बोलले तर रोशनबी बुडत होती. सुमित्रा चहाचा ट्रे ठेवून तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मी सांगितलं यांना. फाटकाशी, सगळं."

दत्तोपंतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कपाला बोट लावलं आणि म्हणाले, "पिराजी, आत सांग, चहा गार झालाय. दुसरा टाकायला सांग."

ज्याला "आत" म्हणाले ती तीन हातांवर उभी होती. पिराजी दाराशी होता. तो हलला नाही. साठीचा माणूस आहे, मी त्याला निरोपाशिवाय काही बोलताना ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, त्या हितंच उभ्या हाईत की. तुमीच सांगा."

माईसाहेबांनी हातातली वात खाली ठेवली. मग दत्तोपंत म्हणाले, "सूनबाई, चहा गार झालाय." दहा महिन्यांनी. सुमित्रा "बरं" म्हणाली, ट्रे उचलला आणि आत गेली. दुसरा चहा येईपर्यंत आम्ही पन्हाळ्याच्या हवेबद्दल बोललो. मीही बोलले.

हा काही मोठा बदल आहे असं मी लिहिणार नाही. सुमित्राशी आता कामापुरतं बोलतात, असं तिनं मला देवळाबाहेर भेटली तेव्हा सांगितलं. पिराजीला काढलेलं नाही. काढलं तर पेठेत कारण सांगावं लागेल.

मी रोशनबीला जाऊन सांगितलं की आता सगळं उलगडलं, तुझ्यावरचा आळ गेला. ती म्हणाली, "तुमच्यापाशी उलगडलं, बाई. माझी दारं अजून हाईत तशीच हाईत." ते खरं आहे. हुपरीकर त्या चार घरांना आपण होऊन काही सांगणार नाहीत. म्हणून उद्या सकाळी मी तिच्याबरोबर चारही घरी जाणार आहे, आणि बातमी कोणी नेली, कशी नेली, ते दाराशी उभं राहून सांगणार आहे. ती यायला तयार नव्हती. मग म्हणाली, "चला. पर बोलायचं तुम्ही. मी कुणाच्या घरचं बोलत न्हाई."

काय बोलायचं ते मी आज तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा ते फार सभ्य झालं आहे.

अंबूला आशीर्वाद.

तुझी
नंदिनी